न सुटलेली दुसरी गोळी

खंडेनवमीला आमच्या घरात पाटावर जे मांडलं जातं ते पाहून नवखा माणूस हसतो. दोन लॅपटॉप, मिक्सरचं भांडं, ड्रिल मशीन, नवऱ्याचा तबला, माझी शिवणाची कात्री, आणि सगळ्यांच्या मागे मऊ टॉवेलवर आडवी निजवलेली माझी रायफल. पूजा नवरा करतो. तो पुण्याचा, केकमध्ये अंडं आहे का हे तीनदा विचारून मग घास घेणारा. मी नागपूरची, सावजी रश्श्यावर पोसलेली. तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोन तवे, दोन सुऱ्या आणि बरीचशी शांतता सांभाळून आहोत. रायफल संसारात उशिरा आली, पण तिलाही आता चौदा वर्षं झाली.

ती आली मटणामुळे. अमेरिकेत अर्विंगमध्ये राहायला आल्यावर ताज्या बोकडाच्या मटणासाठी मी दीड तास गाडी चालवून एका शेतावर जायला लागले. शेताचे मालक अमेरिकन, तेव्हाच सत्तरीला आलेले, बायको नुकतीच गेलेली. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायचे. पहिल्याच भेटीत ते बोकडाचा खांदा चुकीच्या जागी तोडायला निघाले आणि माझ्यातली नागपूरकरीण गप्प बसेना. लहानपणी दर रविवारी मटण आणायचं काम माझं होतं, त्यामुळे खाटकाच्या ओट्यासमोर उभं राहून मी बरंच काही शिकले आहे. मी सुरी मागून घेतली आणि सांधा कुठे सुटतो ते दाखवलं. आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या ऑफिसच्या बुटांकडे, आणि म्हणाले, "पुढच्या वेळी बूट बदलून ये. इथे रानडुकरांचा त्रास आहे, त्यांचंही काहीतरी करू."

रानडुकरांनी त्यांचं कुरण अक्षरशः नांगरून ठेवलं होतं. ते मला बंदूक शिकवायला लागले. ग्रीन कार्ड हातात आलं होतं, शिकारीचा परवाना मी रीतसर वर्गात बसून, परीक्षा देऊन काढला. अडचण एकच होती, माझा उजवा खांदा. फ्रोझन शोल्डरने तो वर्षभर धरलेला, आणि आजोबांच्या बंदुका असा दणका द्यायच्या की डोळ्यांत पाणी यायचं. तिसऱ्या खेपेला ते घरातून एक वेगळी रायफल घेऊन आले. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर गालाच्या जागी रंग उडून गुळगुळीत झालेला. "ही माझ्या बायकोची," एवढंच म्हणाले.

ती सेमी-ऑटोमॅटिक होती. चाप दर वेळी आपणच ओढायचा, पण गोळी सुटताना जो वायू तयार होतो त्याच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि खालच्या मॅगझिनमधलं पुढचं आपोआप वर चढतं. त्यात थोडा जोर खर्ची पडतो, म्हणून खांद्याला दणका कमी. माझ्या खांद्याने ती लगेच मान्य केली. वर्षभराने आजोबांनी ती कागदपत्रांसकट माझ्या हवाली केली, आणि शेताच्या मागच्या फाटकाची किल्लीही. किल्ली देताना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "दुसरी गोळी हजर आहे म्हणून पहिली आळसात मारायची नाही." दुसरी त्यांच्या जमिनीचा नियमच होता. इथे जखमी जनावर सोडून कुणी घरी जात नाही. ज्याला आपलं जनावर सापडलं नाही, त्याने किल्ली परत ठेवायची आणि पुन्हा यायचं नाही. हा नियम त्यांनी सख्ख्या पुतण्यालाही लावला होता.

मी तो नियम दहा वर्षं पाळला. ह्या रायफलने मला काय दिलं हे सांगायला बसले तर डोळे भरून येतात, म्हणून पटापट सांगते. मी दिवसभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. कुणालाच न आवडणारं काम आहे. वर्षातले सात-आठ दिवस मात्र मी पहाटेच्या गारव्यात एका लाकडी मचाणावर बसले, कुणाची चूक न काढता. गप्प बसायला मी तिथे शिकले, आणि मला ओळखणारे सांगतील की ही सोपी गोष्ट नाही. फ्रीजरमध्ये हरणाचं मटण असायचं. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी ते माझ्या हातच्या सावजी रश्श्यात बोटं चाटून खाल्लं आणि मग विचारलं, "काकू, मटण कुठनं आणलं?" आजोबा तर रश्श्याचे इतके भक्त झाले की घाम पुसत पुसत दुसरी वाटी मागायचे. बंदुकीने फक्त दस्त्यावर थोडे ओरखडे घेतले आणि दर खेपेला तासभर साफसफाई करून घेतली. तेलाचा तो वास माझ्या बोटांना आता आवडतो.

नवरा ह्या सगळ्यापासून लांब राहिला. त्याने कधी अडवलं नाही, कधी विचारलंही नाही. मी शेतावरून आले की तो खिडक्या उघडायचा आणि चहा टाकायचा. पण खंडेनवमीला रायफलची पूजा त्यानेच करायची, हा त्याचा हट्ट. "घरात आहे ना, मग पाटावर यायलाच पाहिजे," म्हणायचा. अक्षतांसाठी तो आदल्या दिवशी चष्मा नाकावर ओढून तांदूळ निवडायला बसतो. पिशवीतले तांदूळ स्वच्छच असतात, पण ह्याला एकही तुटका दाणा चालत नाही. तासभर एकेक अख्खा दाणा बाजूला काढतो आणि मग ते कुंकवात भिजवतो. मी ह्यावर त्याची जेवढी टिंगल केली आहे तेवढी कशावरच केली नसेल.

चार वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे रायफल रिकामी करून, मॅगझिन काढून पाटावर ठेवली. गोळ्या वेगळ्या कपाटात कुलपात. मॅगझिन म्हणजे चपटी लोखंडी डबीच, वरून उघडी. नवऱ्याने विचारलं, "हे वेगळं आहे का?"

"वेगळं आहे. तिचाच भाग आहे, पण वेगळा."

"मग त्यालाही वाहूया," म्हणाला आणि त्याने त्या डबीवरही हळद, कुंकू, झेंडूची पाकळी आणि चिमूटभर अक्षता वाहिल्या. दसऱ्याला सगळं उचललं तेव्हा मी रायफल अगदी नळीपासून साफ केली. मॅगझिन नुसतं उलटं करून झटकलं. झटकल्यावर दाणे पडले, मला वाटलं सगळे पडले.

नोव्हेंबरात हरणांचा हंगाम सुरू झाला त्या पहिल्या शनिवारी मी मचाणावर होते. उजाडून अर्धा तास झाला असेल. झुडपांतून एक नर बाहेर आला, शिंगं चांगली मोठी, आणि तिरपा उभा राहिला. तो अजून वळायचा होता. दहा वर्षांपूर्वी मी थांबले असते. पण इतक्या वर्षांत हात सैल झाला होता, दुसरी गोळी मागे आहेच हे अंगवळणी पडलं होतं. मी चाप ओढला. गोळी हवी होती तिथून वीतभर मागे लागली, हे त्याच्या पाठीच्या कमानीवरूनच कळलं. मी लगेच दुसऱ्यांदा चाप ओढला. काहीच झालं नाही. हरीण उड्या मारत झाडीत गेलं आणि मी हातात मुकी बंदूक घेऊन बसले.

मॅगझिन काढून पाहिलं तर गोळ्या तिरप्या अडकलेल्या. त्यांना वर ढकलणारी आतली पट्टी एका बाजूला खाली रुतली होती. खिशातल्या चाकूच्या टोकाने खरवडलं तेव्हा पट्टी आणि भिंत ह्यांच्या फटीतून एक लाल दाणा माझ्या तळहातावर पडला. अख्खा, न तुटलेला.

माझ्या रागाबद्दल आमच्या घरात दुमत नाही. पण त्या दिवसाइतका राग मला आधी कधी आला नव्हता. अर्धा तास थांबून मी खाली उतरले आणि रक्ताचा माग काढायला लागले. पहिली शंभर पावलं माग मिळाला, मग थेंब विरळ झाले, मग वाळलेल्या पानांत सगळंच लालसर दिसायला लागलं. नऊ वाजता मी पूर्ण हरले. ऊन तापणार होतं. कुठेतरी ते जनावर माझ्यामुळे तडफडत होतं, आणि सापडलं नाही तर संध्याकाळी मला किल्ली आजोबांच्या टेबलावर ठेवून निघायचं होतं. आणि मग मी जे करायला नको होतं ते केलं. नवऱ्याला फोन लावला.

"अहो, तुमच्या त्या एका अक्षतेपायी माझं जनावर जखमी होऊन पळालं! किती वेळा सांगितलं की यंत्रावर तांदूळ उधळत जाऊ नका! तुम्हाला काय, तुम्ही घरात बसून ता-धिं-धिं-ता करा!" आणखीही बरंच बोलले. ते लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी मंडळाच्या दिवाळी प्रोग्रामची रिहर्सल होती आणि तबला त्याचा होता.

"सापडलं नाही तर काय होतं?" त्याने विचारलं.

मी नियम सांगितला. दहा वर्षांत त्याने शिकारीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"लोकेशन पाठव," तो म्हणाला. "रिहर्सल कॅन्सल करतो."

तो साडेदहाला फाटकाशी पोचला. अंगात रिहर्सलचा कडक इस्त्रीचा कुडता, पायांत पांढरे बूट, हातात स्टीलची पाण्याची बाटली. गाडीच्या नाकावर दसऱ्याचा झेंडूचा हार अजून तसाच, सुकून आखडलेला. तो हार काढायला मी तीन आठवडे सांगत होते. आजोबा गुडघ्यांमुळे झाडीत येऊ शकत नव्हते. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते आणि त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू भलत्याच घरचा पाहुणा आला आहे.

"मला शेवटचा थेंब दाखव," नवरा म्हणाला.

मी दाखवला. तो कुडता सावरत गुडघ्यांवर बसला, चष्मा नाकावर खाली ओढला, आणि तसाच बसून राहिला. पाच मिनिटं झाली. मी पुढे पुढे शोधत फिरत होते. "हलू नकोस, पानं तुडवतेस," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्या आवाजात तो माझ्याशी बोलला नव्हता. मी निमूट उभी राहिले. मग त्याने बोट ठेवलं. "हा बघ." मोहरीएवढा थेंब, एका पानाच्या खालच्या बाजूला. मला बोट ठेवल्यावरही दिसायला वेळ लागला.

तो उठला, गाडीकडे परत गेला आणि सुकलेला हार घेऊन आला. एक झेंडू कुसकरून त्याने त्या थेंबावर पाकळ्या टाकल्या, म्हणजे मागची जागा चुकायला नको. शिकारी लोक ह्यासाठी कागदाचे तुकडे टाकतात, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्याजवळ जे होतं ते त्याने वापरलं. पुढच्या थेंबाला दहा मिनिटं लागली, त्याच्या पुढच्याला वीस. थेंब सापडला की पाकळ्या, मग मागे वळून पाकळ्यांची रांग कुठे चालली आहे ते पाहायचं आणि त्याच दिशेला पुन्हा गुडघ्यांवर. तांदूळ निवडतानाही तो असाच बसतो, मान खाली, ओठ घट्ट, जगाचा विसर पडलेला. माझ्या सगळ्या टिंगली मला एकेक करून आठवत होत्या.

बारा वाजले, एक वाजला. कुडत्याला काटे लागून बाही फाटली. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. एकदा मी म्हणाले, "अहो, राहू द्या आता. मी देते किल्ली परत."

"किल्लीचं तू बघ," तो मान वर न करता म्हणाला. "ते दुखण्यात पडलंय ना कुठेतरी."

सुका ओढा ओलांडल्यावर झेंडू संपले. पण तोवर रांग सरळ एका दाट झुडपाकडे चालली होती, आणि त्या झुडपाखाली हरीण होतं. बसलेलं, मान वर, डोळे आमच्याकडे. उठायची ताकद उरली नव्हती.

मी एकच गोळी हाताने भरली. "तुम्ही तिकडे बघा," म्हणाले. त्याने तिकडे पाहिलं नाही. माझ्या डाव्या बाजूला, एक पाऊल मागे तो उभा राहिला. ह्या वेळी मी थांबले, श्वास सोडला, मग पुन्हा थांबले. एका गोळीत काम झालं.

आवाज विरल्यावर तो पुढे गेला. मला वाटलं त्याला उलटी होणार. तो हरणापाशी बसला, बाटली उघडली, आणि झाकणात पाणी ओतून ते हळूच त्याच्या तोंडात सोडलं. आपल्याकडे माणूस जाताना सोडतात तसं. थोडं बाहेर ओघळलं तर कुडत्याच्या टोकाने पुसलं. मी बंदूक बाजूला ठेवली आणि तिथेच खाली बसून रडले. दहा वर्षांत मारलेल्या एकाही जनावराला मी पाणी दिलं नव्हतं, आणि ते द्यावं हे मला सुचलंही नव्हतं.

ओसरीवर परतलो तेव्हा तीन वाजून गेले होते. आजोबांना मी सगळं खरं सांगितलं. लाल दाणा खिशातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "ह्याच्यामुळे दुसरी गोळी अडकली."

त्यांनी दाणा उन्हात धरून पाहिला. "दुसरी ह्याने अडवली," ते म्हणाले. "पहिली कुणी मारली?"

ह्याचं उत्तर सकाळपासून मला माहीत होतं आणि म्हणूनच मी फोनवर इतकी ओरडले होते. नवरा पायरीवर बसून बुटांतले काटे काढत होता. त्याच्याकडे पाहून मी मराठीत म्हणाले, "चूक माझी होती." तो म्हणाला, "खायला आहे का काही?"

आजोबांनी माझ्यापुढे हात केला. मी समजले आणि किल्ली काढून दिली. जनावर सापडलं होतं, पण ते शोधून काढणारी मी नव्हते, त्यामुळे माझ्याने वाद घालवेना. आजोबा गुडघे धरत उठले, पायरीपर्यंत गेले आणि किल्ली नवऱ्याच्या फाटक्या कुडत्याच्या खिशात टाकली. "आता ही तुझ्याकडे," त्याला म्हणाले. "हिला यायचं असेल तर तुला घेऊन येईल." मग आत जाऊन त्यांनी त्याच्यासाठी ब्रेड आणि टोमॅटो आणले, कारण घरात दुसरं काही शाकाहारी नव्हतं. त्याने चार तुकडे खाल्ले.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात मला नवऱ्याची परवानगी घ्यावी लागते, आणि तो ती देण्याआधी मुद्दाम थोडा वेळ घेतो. फाटक तोच उघडतो. मी मचाणावर असते तेव्हा तो आणि आजोबा ओसरीवर बसतात. आजोबांना आता फारसं ऐकू येत नाही आणि नवऱ्याला त्यांचं बोलणं नीट कळत नाही, पण दोघांचं चांगलं जमलं आहे. गाडीत पाण्याची बाटली असतेच. चार वर्षांत मी चारच गोळ्या झाडल्या, चार हरणांवर. बंदूक अजून तितकीच ठणठणीत आहे, खांदाही.

आमच्यात एकमेकांना थँक्यू म्हणायची पद्धत नाही. नवरा हे वाचेल तेव्हा आधी शुद्धलेखनाच्या चुका काढेल, मग चहा टाकेल. म्हणून इथेच लिहून ठेवते, की अहो, त्या दिवशी तुम्ही आलात त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

ह्या वर्षी खंडेनवमीला रायफलच्या दस्त्यावर त्याने कुंकवाचं एकच बोट लावलं. मॅगझिन त्याने स्वतःच आदल्या दिवशी एका डब्यात घालून, झाकण लावून, कपाटात ठेवलं होतं. मग तासभर निवडलेल्या अक्षता घेतल्या आणि पाटावरच्या फाटकाच्या किल्लीवर वाहिल्या.